चोरदिंडीपाशी

"वेढा पडलाय, गडावरचं पीठ संपलंय, अन् ही बया गजरा माळत बसलीये? ठेव ते पुस्तक!" पापड लाटता लाटता गंगूकाकूंनी आणखी एक ऐतिहासिक प्रेमकथा मोडीत काढली. दुपारी पापडकेंद्रावर नलूनं वाचायचं आणि काकूंनी निकाल द्यायचा, हे ठरलेलंच होतं.

नलूनं भीत भीत दुसरं पुस्तक उघडलं. त्याच्या आत तिनं स्वतः लिहिलेली पानं होती. ते कुणालाच माहीत नव्हतं.

यातली किल्लेदाराची लेक उपाशी पोरांना कण्या वाटून चोरदिंडीपाशी गेली. बाहेर तिचा शिलेदार उभा होता, शत्रूच्या छावणीतला, पाठीवर धान्याचं पोतं घेतलेला. तिनं अडसराला हात घातला...

नलू थांबली. खोलीत एकही लाटणं वाजत नव्हतं.

"अगं, वाच की पुढं!" काकू ओरडल्या. "उघडते का नाही ती?"

"पुढचं... अजून लिहायचंय, काकू."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी नलूच्या वाटणीच्या लाट्या आपल्याकडे ओढल्या.

"हे मी लाटते. तू खिडकीशी बस अन् लिही. आणि हे बघ, आधी पोतं आत घे, मग त्याला!"