पावसाळ्यात इथे कोण झोपतं

कुसाबाईंनी खोलीच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले आणि कॉटची जागा मोजली. "ह्यांची कॉट इथं. खिडकीची हवा येईल. दम्याच्या माणसाला हवा पायजे."

'ह्यांची' म्हणजे रंगनाथांची. ते दारातच उभे होते, जिना चढून आल्यावर श्वास जागेवर येण्याची वाट बघत. मनमाडची रेल्वेतली नोकरी संपली की नाशकात, दवाखान्याजवळ घर घ्यायचं, एवढं दोघांनी ठरवलं होतं. तिथल्या द्वारका चौकाच्या आतल्या गल्लीतला हा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी पाहिलेला सातवा.

घर दाखवायला झेबा आली होती. त्यांची एजंट. एजंट दोन्हीकडून पैसे घेतो, हे इथे कुणी लपवतही नाही. झेबा फक्त घर घेणाऱ्याकडून घ्यायची, आणि तसं एका कागदावर लिहून द्यायची: मी तुमच्या बाजूने, मला जे माहीत असेल ते तुम्हाला सांगेन. रंगनाथांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला होता.

या घराचे मालक सलाउद्दीन हे आपले सख्खे मामू आहेत, हेही तिने इथे आणण्याआधीच सांगितलं होतं. नको असेल तर या घरापुरता दुसरा एजंट घ्या, असंही म्हणाली होती. कुसाबाईंनी त्याचा उलटाच अर्थ लावला. एजंटच्या मामाचं घर म्हणजे घरातलंच की. त्यात बघायचं काय? मागच्या सहा घरांत प्रत्येक नळ सोडून पाहणारी, फरशीवर नाणं वाजवणारी ही बाई आज नुसती पडद्यांचे रंग ठरवत होती.

खोलीच्या तीन भिंतींना ताजा रंग होता. चौथीला, पश्चिमेकडच्या, एक लोखंडी कपाट टेकवलेलं होतं. भिंतभर. खिडकीतून एप्रिलचं ऊन आत आलं होतं आणि सगळं खडखडीत कोरडं होतं.

दर जूनमध्ये या खोलीतल्या गाद्या उचलून हॉलमध्ये जातात, हे झेबाला लहानपणापासून माहीत होतं. भाची म्हणून.

मामूंनी तिला जरा बाजूला घेतलं. हळूच म्हणाले, "बेटा, तू तो घर की है ना?"

छत्तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसासमोर हिंदीत कुजबुजून काय होणार. ऐकलं नाही असं दाखवायला रंगनाथांनी मान खिडकीकडे वळवली.

झेबाने मराठीतच विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मामू, पावसाळ्यात या खोलीत कोण झोपतं?"

सरबताचा ट्रे घेऊन आलेल्या मामूंच्या बायको, जुलेखा मुमानी, दाराशी थबकल्या. मामूंनी कपाटाकडे पाहिलं, मग भाचीकडे. सायकल चालवायला त्यांनीच शिकवलेली पोरगी. आज तिच्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू ती मीटर तपासायला आलीय.

"कुणी नाही झोपत," मुमानी म्हणाल्या. "आम्ही सगळे हॉलमध्ये."

मामूंनी कपाटाचं एक टोक धरलं. दुसरं धरायला रंगनाथ पुढे झाले, तशी कुसाबाईंनी त्यांना कोपराने मागे सारलं, पदर खोचला आणि स्वतः जोर लावला.

मागची भिंत कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळी पडली होती. रंगाचे पोपडे सुटले होते. कुबट वास आला. रंगनाथ एकदा खोकले आणि आपणहून हॉलमध्ये जाऊन बसले.

कुसाबाईंना राग आला, पण तो कुणावर काढायचा हे ठरायला जरा वेळ लागला. शेवटी झेबावरच निघाला. "तुला ठाऊक होतं ना, पोरी? मग इथं आणायच्या आधीच का नाय सांगितलंस?"

"मामू स्वतः सांगतील असं वाटलं," झेबा म्हणाली. "त्यांना तेवढी संधी द्यावीशी वाटली. आपल्या कागदाप्रमाणे ते चुकलंच माझं."

मामू भिंतीकडे तोंड करूनच बोलत राहिले. बाहेरचा गिलावा फुटलाय, आतून रंग देऊन उपयोग नाही, दरवर्षी करू म्हणता म्हणता राहून गेलं. बोलता बोलता त्यांनी एक पोपडा नखाने उकरून काढला, स्वतःच्याच घराचा.

कुसाबाईंनी ऐकून घेतलं. मग भिंतीला तळवा लावून पाहिला.

"घर तर लय आवडलं हे," त्या म्हणाल्या. झेबाने डोळे मिटून घेतले. आवडलं असं मालकासमोर चुकूनही बोलायचं नाही, हे तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बाहेरून नीट करून घ्या, भाऊ. श्रावणात मी येते. ह्यांना नाय आणत, मी एकटी. दोन राती या खोलीत झोपून बघते. कोरडी निघाली तर विसार देऊ."

मामूंनी मान हलवली. हो म्हणाले की विचार करतो म्हणाले, ते कळलं नाही. मुमानींनी ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "रात्री तुम्हाला भाकरी लागते की चपाती?"

निघताना झेबा दाराबाहेर चपला घालत होती. कपाट हलल्यापासून मामू तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. येत्या ईदला आपण या दारात कोणत्या तोंडाने यायचं, याचा ती विचार करत होती.

मामू जिन्यापर्यंत आले. कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"आमच्या फरहानने इगतपुरीला आमच्यासाठी एक घर बघून ठेवलंय," ते म्हणाले. "रविवारी बघायला जायचंय. तू चल."

झेबाने वर पाहिलं.

"तिकडचे लोकही घर एप्रिलमध्येच दाखवतायत."