हरणाची नाडी

दवाखान्याच्या जिन्यात वळणावर बायको थांबली. "चपलेचा अंगठा तुटायला आलाय," म्हणत वाकली आणि कठडा धरून बराच वेळ तशीच राहिली. मग सरळ होऊन तिनं आपल्या मनगटावरचा काळा पट्टा सोडला आणि ड्रायव्हर नवऱ्याच्या हातावर बांधला.

"अगं, हळू," ड्रायव्हर म्हणाला. "हात आहे, गाठोडं नाही."

"सैल राहिला तर ठोके पकडत नाही तो. आणि आत गेल्यावर फार बोलू नका."

बस कंपनीनं ड्रायव्हर लोकांना पावलं आणि ठोके मोजणारे हे पट्टे वाटले होते. ड्यूटीबाहेरच्या वेळात जो रोज चालेल, तब्येत राखेल, त्याच्या अख्ख्या घराचा आरोग्य विमा फुकट. ह्याची दुपारची पाळी, सकाळी अंथरूण सुटायचं नाही. बायको मात्र उजाडताच इस्त्रीचे गठ्ठे घेऊन घरोघर पोचवायची, जिने चढायची, उतरायची. पट्टा तिच्या हातात गेला आणि डेपोत सगळ्यांत जास्त चालणारा म्हणून ह्याचं नाव लागलं. सुटलेल्या पोटाकडे बघून दोस्तांनी त्याचं 'हरीण' करून टाकलं. हसणाऱ्यांबरोबर तोही हसायचा. त्या विम्यावर त्याच्या आईचं डायलिसिस चालू होतं.

काल कंपनीच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं. लबाडी उघडी पडली, असंच दोघांनी धरलं होतं.

पण डॉक्टरनं काहीच विचारलं नाही. पोरगेलीशी होती. तिनं त्याला कॉटवर झोपवलं, छातीला वायरी लावल्या, मशीनमधून निघालेला कागद पाहिला. पुन्हा वायरी लावल्या, दुसरा कागद काढला.

"काका, जिना चढताना दम लागतो? चक्कर येते?"

"भूक लागते," ड्रायव्हर म्हणाला.

डॉक्टर हसली नाही. "तुमचं हृदय अगदी चांगलं आहे. पण ह्या पट्ट्यानं आम्हाला जे पाठवलंय, ते असं नाही." तिनं कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. "हे बघा. रोज सकाळी हेच. चालताना मध्येच ठोके अडखळतात, थांबल्यासारखे होतात आणि मग एकदम धावत सुटतात. आता तर फारच वाढलंय. असं हृदय असलेला माणूस पायी जिना चढून आला, ह्याचंच मला नवल वाटत होतं."

दारापाशी बायको त्याचा शर्ट छातीशी धरून उभी होती.

"पट्टाच बिघडला असेल हो," ती म्हणाली. "पाणी लागलं होतं त्याला."

"असेलही. मग मी पट्टा खराब, एवढंच लिहिते. नवा देतील. विम्याला काही होणार नाही." डॉक्टरनं पेन घेतलं. "लिहू ना?"

"लिहा," बायको म्हणाली.

ड्रायव्हर उठून बसला. हल्ली बायकोला सकाळी परतायला उशीर व्हायचा. चहा उशिरा मिळायचा. कुठल्या कुठल्या पायरीवर गप्पा मारत बसतेस, असं तो म्हणायचा. ती म्हणायची, बसते खरी. गप्पांचं ती काही बोलत नव्हती, हे त्याला आत्ता कळलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं जेमतेम दिसेल अशी मान हलवली. नको.

"थांबा डॉक्टर."

"अहो, आधी शर्ट घाला बघू," ती घाईनं पुढे आली. "गार लागेल." आणि शर्ट त्याच्या खांद्यावर टाकताना अगदी कानाशी म्हणाली, "आईंचं उद्या आहे."

त्यानं पट्टा सोडायला घेतला. त्याचा खटका त्याला उघडेना. इतक्या दिवसांत त्यानं तो स्वतः कधी बांधला नव्हता की सोडला नव्हता. डॉक्टर बघत राहिली. शेवटी बायकोनंच सवयीनं बोट लावलं आणि पट्टा सुटला. मग आपल्या हातून काय झालं, ते कळून तिनं तो मुठीत मिटून घेतला.

"चालते ती, डॉक्टर," ड्रायव्हर म्हणाला. "मी झोपलेला असतो."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. उठून तिनं बायकोचा हात हातात घेतला. मनगटावर पट्ट्याएवढी जागा गोरी राहिली होती. त्या जागेवर बोटं ठेवून ती नाडी मोजू लागली.

"बाई, तेवढं विम्याचं..." बायको म्हणाली.

"ते मला लिहावं लागेल, मावशी. पण आधी तुम्ही ह्या कॉटवर झोपा."

बायकोनं चपला काढल्या आणि कॉटच्या पायाशी जोडीनं लावून ठेवल्या. चढताना संकोचली. "ह्या वेळी आडवं व्हायची सवय नाही मला," म्हणाली. आडवी झाली, पदर नीट केला, डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. रोज सकाळी गठ्ठा उचलण्याआधी हलायचे, तसेच.

मशीन सुरू झालं. कागद निघत राहिला. डॉक्टरनं तो पुरता निघू दिलाही नाही, नजर कागदावरच ठेवून फोन उचलला आणि स्ट्रेचर वरच्या मजल्यावर पाठवायला सांगितलं.

ड्रायव्हरला हातांचं काय करावं ते सुचेना. त्यानं खाली वाकून तिची चप्पल उचलली. निदान अंगठा तरी तात्पुरता बांधून ठेवावा.

त्यानं अंगठा ओढून पाहिला. मग दुसऱ्या चपलेचाही पाहिला. दोन्ही शाबूत होते.