घड्याळजींची नजर

दहा मिनिटांतली चार संपली, तरी पडद्यावर एक अक्षर उमटलं नव्हतं. चाकाच्या खुर्चीतल्या घड्याळजींची नजर अक्षरांच्या चौकटींवरून नुसती घरंगळत होती. शेजारी बसलेली त्यांची लेक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

टेबलापलीकडे इस्पितळाची तीन जणांची समिती. यंत्र एकच आणि अर्ज सात, म्हणून प्रत्येकाची दहा मिनिटांची चाचणी. नजर ज्या अक्षरावर थांबेल ते अक्षर उमटवायचं आणि शेवटी सगळं मोठ्याने बोलून दाखवायचं, असं ते यंत्र. ते बाबांना मिळावं म्हणून लेकीने दीड वर्ष इथले उंबरठे झिजवले होते. पक्षाघाताच्या झटक्याने बाबांची वाचा गेली, हातपाय गेले, पापण्याही ताब्यात राहिल्या नाहीत. हलत होती ती फक्त बुबुळं. जन्मभर भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणाऱ्या माणसाची नजर ती. ती कशाला चळते? पण आज नेमकी ऐन वेळी चळत होती.

पहिलं अक्षर तेवढं मी दाखवू का, असं लेकीने विचारून पाहिलं. समितीच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली. नियम म्हणजे नियम. मागचे तीन मंगळवार सराव झाला, तेव्हाही तंत्रज्ञाने तिला बाहेरच बसवलं होतं. बसवणार नाही तर काय? बाबांचं एक अक्षर झालं, की ही बाई अख्खा शब्द पुरा करून मोकळी.

पाचवं मिनिटही कोरडं गेलं. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, की आजवर तुम्हाला यांचं म्हणणं कळायचं तरी कसं.

लेकीला वाटलं, आली बाजू मांडायची संधी. दुसऱ्या शहरातली चांगली नोकरी सोडून ती दोन वर्षं बाबांच्या उशाशी होती. तिला नाही कळणार तर कुणाला? ती धडाधडा सांगत सुटली. ग्लासकडे बघितलं की तहान. खिडकीकडे बघितलं की ऊन डोळ्यांवर येतंय. रोज संध्याकाळी आधी तिच्याकडे बघतात आणि मग दाराकडे. म्हणजे वारा हवा. ती दार उघडते, खुर्ची उंबऱ्याशी नेते. तरी बघतच राहिले तर गल्लीत एक फेरी मारून आणते. यांना काही विचारावंच लागत नाही मला, असं ती अगदी अभिमानाने म्हणाली.

"मग यंत्र कशाला हवंय?" डॉक्टरीणबाईंच्या आवाजात खोच नव्हती. "बाकीच्या सहा जणांकडे तुमच्यासारखं कुणी नाहीये हो."

लेकीला आपली चूक कळली. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा! डॉक्टरीणबाईंनी अर्जावर पेन टेकवलं.

तेवढ्यात टिक् असा आवाज झाला.

पडद्यावर अक्षर उमटलं होतं. बाबांच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता, पण बुबुळं आता जागची हलत नव्हती. एक चौकट, थोडा वेळ, टिक्. मग दुसरी. 'दार' असा शब्द झाला आणि लेकीला हुंदकाच आला. बघा, इथेही वाराच मागतायत, असं म्हणत ती लगबगीने उठली आणि दाराच्या कडीला हात घातला.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांचं अजून संपलेलं नाही."

ती कडी धरून तशीच उभी राहिली. टिक्. टिक्. दहा मिनिटं होऊन गेली, पण घड्याळाकडे कुणी बघेना. डॉक्टरीणबाईंनी पेन केव्हाच अर्जावरून उचललं होतं. बाबांनी शेवटची चौकट गाठली, एकदा लेकीकडे बघितलं, मग तिच्या हाताखालच्या दाराकडे.

यंत्र परक्या, सपाट आवाजात बोललं,

"दार माझ्यासाठी नव्हतं पोरी. दोन वर्षं तेच सांगतोय. तू परत जा तुझ्या कामाला."