पहिली रांग

इरेकनं पहिली काठी उपटली तेव्हा आजूबाजूच्या चार-दोन लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी उपटली तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. इरेक खुलला. मालविनाचे आईवडील बघत होते, आणि होणाऱ्या सासू-सासऱ्यांसमोर भाव खायची संधी तो सकाळपासून शोधतच होता.

किनारा गच्च भरला होता. बाल्टिकच्या काठाला ऊन पडलं की सगळा पोलंड वाळूत येऊन लोळतो. वारा मात्र भर उन्हाळ्यातही हाडात शिरणारा. म्हणून घरटी एक कापडी आडोसा असतो. काठ्या वाळूत ठोकायच्या, कापड ताणायचं, आत आपलं राज्य. काही हावरे तर उजाडायच्या आत येऊन आडोसा ठोकतात आणि खुशाल परत जाऊन झोपतात. इरेक उपटत होता तो आडोसाही तसलाच. पाण्याला अगदी लागून, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, चांगला ऐसपैस, आणि आत चिटपाखरू नाही.

"एवढी जागा अडवायची आणि फिरकायचंसुद्धा नाही!" मालविनाची आई म्हणाली. "लाज कशी वाटत नाही लोकांना?"

"लाज असती तर पहाटे हातोडी घेऊन पळाले असते का?" इरेक म्हणाला.

सगळे हसले. इरेक जरा जास्तच मोठ्यानं हसला, कारण असा पळणारा एक माणूस त्याच्याच घरात होता. त्याचे बाबा, चेस्वाव. इरेक लहान होता तेव्हापासून दर सुट्टीत ते नारिंगी, ठिगळाठिगळांचा आडोसा खांद्यावर टाकून पायजम्यावरच किनाऱ्याकडे सुटायचे. परत येताना भेटेल त्याला ओरडून सांगायचे, "पहिली रांग आपली!" सगळा जन्म कापडगिरणीत गेलेला माणूस, वर्षातून एकदा कशात तरी पहिला यायचा.

काल मालविनाच्या घरची पाहुणेमंडळी वॉर्सॉहून यायच्या आधी इरेकनं त्यांना बाजूला घेतलं होतं.

"बाबा, उद्या ते आपलं कापड नको हं. लोक बघतात. मला लाज वाटते."

बाबांनी कोपऱ्यातल्या नारिंगी गुंडाळीवरून हात फिरवला.

"खरंय रे," ते म्हणाले. "फारच ठिगळं झालीत. तुझ्या आईनं लावलेली, म्हणून मी आपला वापरत राहिलो."

मग टोपी घालून ते बाहेर पडले. इरेकला सुटल्यासारखं वाटलं. आज सकाळी ते सुट्टीपुरत्या भाड्यानं घेतलेल्या घरात नव्हते. बेकरीच्या रांगेत उभे असतील, असं घरमालकीण म्हणाली. बरंच झालं, असंही इरेकच्या मनात येऊन गेलं.

शेवटची काठी काही निघेना. कुणीतरी मन लावून खोल ठोकली होती. इरेक गुडघ्यांवर बसून ओढत होता, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बाबा आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात गोड पावांची पिशवी. दोन पावलांवर ते थांबले.

"बघा काका," मालविना म्हणाली, "इरेकनं कशी जागा मिळवली!"

बाबांनी वाळूत पडलेल्या कापडाकडे पाहिलं. मग टाळ्या वाजवणाऱ्यांकडे. मग इरेककडे.

"बरं केलंस," ते म्हणाले.

पिशवी खाली ठेवून त्यांनी काठी धरली, जराशी फिरवली, आणि ती अलगद बाहेर आली. कापडही त्यांनीच गुंडाळलं, वाळू झटकून, काठीला काठी लावून. ती गुंडाळी त्यांनी कचऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवली. "ज्याचं असेल तो नेईल."

चादरी पसरल्या. वारा वाढला. मालविनाच्या आईच्या डोळ्यांत वाळू गेली. ती शाल लपेटून कुडकुडत बसली. एरवी शेजारच्या चादरीवर जाऊन गप्पा ठोकणारे बाबा आज कडेला अंग चोरून बसले होते.

"पाव तरी काढ रे," मालविना म्हणाली.

इरेकनं पिशवीत हात घातला. पाव अजून गरम होते. बेरींचा जांभळा रस कागदातून पाझरत होता. खाली काहीतरी जड लागलं. रबरी हातोडी. दांड्यावर वेडीवाकडी अक्षरं कोरलेली. इरेकनंच लहानपणी कोरलेलं स्वतःचं नाव. हातोडीभोवती दुकानातलं वेष्टन गुंडाळलेलं होतं. त्यावर निळ्या-पांढऱ्या आडोशाचं चित्र आणि खाली छापलेलं: मोठ्या कुटुंबासाठी.

त्याचे कान तापले. त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी हळूच मान हलवली. नको, बोलू नकोस.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. बाबांनी तशी सगळी सोय करून ठेवली होती.

इरेक उठला. डब्यापाशी जाऊन गुंडाळी घेऊन आला.

"अरे, लोकांचं कशाला आणलंस?" मालविनाचे वडील म्हणाले.

"आमचं आहे," इरेक म्हणाला. आवाज चिरकला. पुढचं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "हा आडोसा माझ्या बाबांनी लावला होता. तुमच्यासाठी. नवा आणून."

मघाचा माणूस पुन्हा शिट्टी वाजवू लागला, पण ही शिट्टी वेगळी होती. "वा रे शूर!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मालविना खाली वाळूत बघत होती. इरेकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं काठी रोवली आणि जीव खाऊन हातोडी घालू लागला.

"बाबा, ते टोक धरा. आणि सांगा ना सगळ्यांना, पहिली रांग कुणाची!"

बाबांनी टोक धरलं. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

"हळू ठोक रे," ते पुटपुटले. "लोक बघतायत."