दुसरं पान

कढईत वडा सोडला तसं तेल चुरचुरलं आणि सकाळपासून गप्प असलेलं घर जरा हललं. आज सर्वपित्री अमावस्या. सासरे वारले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या नावाचं पान आम्ही दरवर्षी परसातल्या भिंतीवर कावळ्यासाठी ठेवतो. विपुल दारात आला. "अगो, दोन पानं वाढ. एक बाबांचं, एक आयचं."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. सासूबाई शिमग्यापासून बेपत्ता आहेत. मिठागराकडे गेल्या त्या परतल्याच नाहीत, असं चौकीत विपुलनेच सांगितलं. रेवसच्या धक्क्यावर त्यांचा फोटो त्यानेच चिकटवला. पोलिसांना अजून काही सापडलेलं नाही. गावातल्या बाया माझ्या नवऱ्याकडे बघून कुजबुजतात, आणि मी त्यांच्याशी भांडत आले.

"अवो, आई येतील असं रोज सांगता ना सगल्यांना?"

"वाढ म्हटलं ना." मग माझ्याकडे न बघताच तो हळूच म्हणाला, "उपाशी ऱ्हाईल ती."

मी वाढलं. अळूवडी जास्त ठेवली, आईंना आवडते म्हणून. कावळा आला आणि आधी त्यांच्याच पानाला शिवला. विपुलने हात जोडले. त्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

नेत्रा माझा गाऊन धरून उभी होती.

"मम्मी, आजी येणाराय ना? मग पप्पांनी तिचं जेवण कावळ्याला का दिलं?"