तोमासाची सही

"ही सही चालणार नाही," पासपोर्ट कचेरीतल्या खिडकीमागचा अधिकारी लोंगोरिया इंग्रजीत म्हणाला आणि त्यानं जन्मदाखला परत सरकवला.

इलारिओ अर्धा तास उभाच होता. साठी उलटलेली. याच टेक्सासात जन्मला, याच देशाच्या फौजेत वीस वर्षं घासली. नदीपलीकडे मेक्सिकोत त्याची बहीण चेलो शेवटच्या घटका मोजत होती. पूल ओलांडायला दहा मिनिटं पुरतात. पण पासपोर्टाशिवाय गेला, तर परत घरी येऊ देतील याचा भरवसा नव्हता.

लोंगोरियानं एक यादी काचेला लावून दाखवली. काही सुइणींनी पलीकडे जन्मलेल्या पोरांनाही इकडचे दाखले दिले, असा सरकारचा संशय. म्हणून यादीतल्या सुइणीची सही असलेला कुठलाच दाखला खरा धरायचा नाही. त्यात तिसरं नाव तोमासा कावासोस, इलारिओच्या दाखल्यावर सही करणारी सुईण. अधिकाऱ्याचं स्वतःचं आडनाव लोंगोरिया, अस्सल मेक्सिकन, पण पठ्ठ्या स्पॅनिशचा एक शब्द बोलेल तर शपथ!

इलारिओचं डोकं फिरलं. सही चालत नाही ना, मग सुईणच घ्या म्हणाला, आणि मागची चाकाची खुर्ची पुढे ढकलली. खुर्चीत तोमासा आजी. वय एक्क्याण्णव.

"याची नाळ माझ्या अंगणात पुरलीय," आजी स्पॅनिशमध्ये म्हणाली. "मेस्किटच्या झाडाखाली. खणून बघा."

नाळ म्हणजे पुरावा नव्हे, असं लोंगोरियानं इंग्रजीतच सांगितलं. म्हणजे कळत होतं तर सगळं.

आजीनं चष्मा पुसला. त्याच्या छातीवरचं नाव वाचलं, मग तोंडाकडे बघत राहिली.

"रेबेकाचा ना रे तू? पायाळू. दोन दिवस छळलंस आईला."

लोंगोरियाचा हात शिक्क्यावर थांबला. शेजारच्या खिडकीतली बाई वळून बघायला लागली. हळू बोला, असं तो पुटपुटला.

"हळू कशाला? तुझीपण नाळ तिथंच आहे. अन् तुझ्या दाखल्यावर सही माझीच."

लोंगोरिया पांढराफटक पडला. इलारिओला आधी बरं वाटलं, मग त्याची कीवच आली. आपल्याच दाखल्यावर संशय आला की कसं वाटतं, हे इलारिओइतकं कोणाला ठाऊक?

लोंगोरियानं यादी टेबलावर पालथी घातली. घसा खाकरला.

"बसा, काका," तो म्हणाला. स्पॅनिशमध्ये.