सहज उघडणारं झाकण

"'सहज' या शब्दात न कळण्यासारखं काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांसाठी मानक लिहायला समिती बसली होती. झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये, इथवर एकमत होतं; मुलांच्या बाजूने बोलायला कुणाचं काय जातं? गाडी अडली होती पुढच्या वाक्यावर. 'वयस्कर व्यक्तींना झाकण सहज उघडता यावे.' सकाळपासून या एका वाक्याने सगळ्यांच्या डोक्याचा भुगा केला होता.

"कुणाला सहज, सर?" मसुदा लिहिणारी म्हणाली. "तपासणाऱ्याने काय बघून पास-नापास ठरवायचं? सत्तरीच्या पुढच्या माणसांचा गट बसवू. बाटली हातात द्यायची, करून दाखवायचं नाही. ठरलेल्या वेळात किती जणांनी उघडली ते मोजायचं. असं स्पष्ट लिहू."

"म्हणजे आमचं झाकण बाजारात यायला वर्षभर उशीर," झाकणाच्या कारखान्याचा प्रतिनिधी म्हणाला. माणूस मनमोकळा होता, बिस्किटांची बशी सकाळपासून त्याच्याच ताब्यात होती. "मॅडम, तुम्ही उगाच शब्दाचा कीस पाडताय. 'सहज' मी सुचवलाय, मी दाखवतो."

या समितीची ती पद्धतच होती. शब्दावरून वाद झाला की वस्तू टेबलावर आणायची आणि ज्याचा शब्द त्याने ती वापरून दाखवायची. प्रतिनिधीने झाकण दाबलं, फिरवलं, उघडलं आणि पुन्हा घट्ट लावलं.

"झालं! सहज."

मसुदा लिहिणारीने अध्यक्षांच्या हातांकडे पाहिलं. खोलीत सत्तरी ओलांडलेले एकटे अध्यक्षच होते. त्यांची बोटं सांध्यांपाशी सुजलेली असतात, सही करतानाही त्रास होतो, हे तिला माहीत होतं. मसुदे लिहायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. चारचौघांत त्यांच्या हातात ती बाटली देणं तिच्या अगदी जिवावर आलं.

"आणा इकडे," अध्यक्षच म्हणाले.

त्यांनी तळव्याने झाकण दाबून फिरवलं. ते नुसतंच कटकट वाजत गोल फिरलं. बाटली मांडीत धरून पाहिली, रुमाल गुंडाळून पाहिला. प्रतिनिधीने मदतीला हात पुढे केला तेव्हा त्याच्यावर डोळे वटारले. शेवटी त्यांनी बाटली खाली ठेवली. कान लाल झाले होते.

"नाही येत. लिहा, बाई."

"राहू दे ना, सर. इतिवृत्तात कशाला?"

"कशाला म्हणजे? अध्यक्षांना उघडता आलं नाही, असंच लिहा."

तिला वाईट वाटलं, आणि त्यांचा अभिमानही वाटला. तिने लिहिलं.

प्रतिनिधी ओशाळला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "पण सर, रक्तदाबाच्या गोळ्या घेता ना तुम्ही? त्यांचं झाकणही असंच असतं. मग घरी कसं जमवता?"

"घरी काय, नवी बाटली आली की सून एकदा उघडून देते. मी झाकण परत लावतच नाही. उशाशी उघडीच..."

अध्यक्ष बोलता बोलता थांबले. त्यांची नात आता धरून धरून उभी राहायला लागली होती. परवाच त्यांनी खिशातून फोन काढून तिचे फोटो सगळ्यांना दाखवले होते.

त्यांनी उठून तोच फोन काढला आणि सुनेला लावला. खोली इतकी शांत झाली की पलीकडचा आवाजही ऐकू येत होता.

"अगं, ती बाटली जरा वर ठेव ना."

"कुठली बाटली, बाबा?"

अध्यक्षांनी डोळे मिटले.

"माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची. पलंगाजवळच्या स्टुलावर आहे. झाकण लाव आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेव. आत्ता. फोन चालू ठेव, ठेवून आलीस की मला सांग."

पावलं दूर गेली. अध्यक्ष फोन कानाशी धरून उभेच राहिले.

"ठेवली, बाबा," सून परत येऊन म्हणाली. "खाली दोन गोळ्या सांडल्या होत्या, त्याही उचलल्या. बरं झालं सांगितलंत, पिल्लू तिथेच खेळत होतं. तोंडात बोट घालून पाहिलं, काही नाही."

अध्यक्ष हळूच खुर्चीत टेकले. प्रतिनिधीने बशी बाजूला सारली आणि मसुद्याचा कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"मॅडम," तो म्हणाला, "त्या गटात माणसं किती घ्यायची?"